‘आपल्याकडं तसलं काही नसतं’ म्हणणाऱ्यांसाठी

पोस्ट मोठी आहे. विषयही असा आहे की बरेच जण अर्ध्यातून वर सरकवतील. पण माझी विनंती आहे, एकदा शेवटपर्यंत वाचा. लाइक केलं नाही तरी चालेल. या विषयावरच्या पोस्टला लाइक करायलाही माणूस दहादा विचार करतो, हे मला माहीत आहे. खरं तर पोस्ट त्याच भीतीबद्दल आहे.

दरवर्षी १ डिसेंबरला आपल्याकडं प्रभातफेरी निघते. पोरं घोषणा देतात, छातीवर लाल फीत लागते, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. एड्स म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं दोन माणसं येतात, ट्रक ड्रायव्हर आणि शरीरविक्रय करणारी बाई. तिसरं कुणी येत नाही. ज्याच्याबद्दल आज लिहितोय तो पुरुष या दोन्हीत बसत नाही. त्याचं लग्न झालंय, लेकरं आहेत, शेत आहे किंवा दुकान आहे, वारीला जातो, गणपतीच्या मंडळात पुढं असतो. आणि त्याचे पुरुषांशी शरीरसंबंध आहेत किंवा होते.

‘आपल्याकडं तसलं काही नसतं राव, ते पुण्या-मुंबईचं फॅड आहे.’ हे वाक्य मी पन्नास वेळा ऐकलंय. स्वतः म्हटलंयसुद्धा. माझ्या एका वर्गमित्राच्या मातीला जाऊन आलो, तेव्हापासून म्हणत नाही.

त्याचं नाव, गाव, जात काहीच सांगणार नाही. ओळख पटू नये म्हणून एक-दोन गोष्टी मुद्दाम बदलल्यात. कोण असेल याचा अंदाज कमेंटमध्ये लावू नका, लावला तर कमेंट उडवीन.

शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढं तो कामासाठी हैदराबादला गेला. आपल्याकडचे अर्धे लोक जातातच, कुणी हैदराबाद, कुणी निजामाबाद, कुणी पुणे. सणासुदीला गावाकडं यायचा. लग्न झालं, पोरगी झाली. पस्तिशीच्या पुढं त्याला बारीक ताप धरला. आधी टायफॉइड म्हणून गोळ्या झाल्या. मग कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध झालं. कुणी सांगितलं म्हणून बाहेरचं बघून आले, लिंबू-नारळ झालं. वजन घटत चाललं. खोकला लागला, क्षयाची शंका आली, तीही उशिरा. दोन वर्षांत किती दवाखाने झाले याचा हिशेब नाही. सलाइन लावले, रक्त-लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. एक चाचणी मात्र कुणी लिहून दिली नाही. डॉक्टरांपुढं बसलेला माणूस घरंदाज, सोबत बायको, कपाळाला बुक्का. त्याला ‘एचआयव्ही तपासू का’ असं विचारणं म्हणजे त्याचा अपमान, असं सगळ्यांनाच वाटलं असणार. आणि त्यानं स्वतःहून सांगावं तर काय सांगावं?

शेवटी नांदेडला नेलं. तिथं चाचणी झाली. तोवर शरीरात काही राहिलं नव्हतं. तीन आठवड्यांत गेला.

जाण्याच्या काही दिवस आधी मी भेटायला गेलो, तेव्हा बायकोला चहा आणायला पाठवून त्यानं मला सांगितलं. कॉलेजपासून त्याचे पुरुषांशी संबंध होते. बायकोवर माया होती, खोटी नव्हती. पण हेही होतं. ‘मला वाटायचं, बाईकडं गेलं तर एड्स होतो. मी तर कुठल्याच बाईकडं गेलो नाही.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. शिकलेला माणूस. त्यानं आयुष्यभर प्रभातफेऱ्या बघितल्या, भिंतीवरच्या पाट्या वाचल्या, एसटी स्टँडवरचे बोर्ड वाचले. त्या सगळ्यातून तो हेच शिकला की एड्स बाईकडून येतो. खोटं कुणी सांगितलं नव्हतं, अर्धं सांगितलं होतं. आणि उरलेल्या अर्ध्यात तो सापडला.

आता थोडी माहिती सांगतो. मी डॉक्टर नाही, पण यानंतर जमेल तेवढं वाचलं, माहितगार लोकांना विचारलं.

एचआयव्ही हा विषाणू स्त्री-पुरुष संबंधातून पसरतो तसाच पुरुष-पुरुष संबंधातूनही पसरतो. उलट गुदमैथुनात धोका जास्त असतो, कारण तिथलं आतलं अस्तर नाजूक असतं. याचा पापपुण्याशी काही संबंध नाही, शरीररचनेशी आहे. नवरा-बायकोत तसा संबंध आला तरी धोका तेवढाच.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत सापडला. नॅको ही राष्ट्रीय संस्था १९९२ मध्ये सुरू झाली. नॅको ठरावीक वर्षांनी देशभर पाहणी करते. २०१७ च्या पाहणीत गरोदर महिलांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२८ टक्के होतं. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते २.६९ टक्के होतं. म्हणजे जवळजवळ दहापट. आणि हे तेच पुरुष, जे कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाच्या यादीत होते, ज्यांच्यापर्यंत कार्यकर्ते पोचले होते.

यादीत नसलेल्यांचं काय? २०१२-१३ च्या सुमारास देशातल्या १२ शहरांत अशा सुमारे १२ हजार पुरुषांची एक मोठी पाहणी झाली. एकानं दुसऱ्याला आणायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, अशा पद्धतीनं लोक जोडले गेले. त्यात साधारण शंभरात सात जणांना एचआयव्ही निघाला. खरा धक्का पुढं आहे. ज्यांना निघाला त्यांच्यातल्या फक्त ३० टक्क्यांच्या आसपास लोकांना तो आधीपासून माहीत होता. दहातल्या सात जणांना पत्ताच नव्हता.

आकडे जुने आहेत आणि शहरांतले आहेत, मान्य. पण शहरात निदान संस्था आहेत. मुंबईत अशोक राव कवी आणि त्यांच्या साथीदारांनी १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट सुरू केला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला, मराठीत या विषयावर पुस्तकं लिहिली. तिथल्या पोराला निदान जाऊन विचारायला एक दार आहे. सहस्रकुंडाच्या अलीकडं-पलीकडं, पैनगंगेच्या दोन्ही काठांना, किनवट-हिमायतनगर-उमरखेड पट्ट्यात एखाद्या पोराला हा प्रश्न पडला तर त्यानं कुणाला विचारायचं? मला विचारलं असतं तर मीच दहा वर्षांपूर्वी हसलो असतो.

‘मग इथं आहेतच कुठं असले लोक? दिसत तर नाहीत,’ असं कुणी म्हणेल. दिसत नाहीत, कारण दिसलं की काय होतं ते त्यांनी शाळेत असतानाच बघितलेलं असतं. चालण्यात जरा वेगळेपणा असलेल्या पोराला आपण काय काय म्हणायचो, आठवा. बायल्या. छक्का. ते बघून बाकीच्यांनी आपापली चाल सरळ करून घेतली. पुढं लग्न करून घेतलं. आपल्याकडं पोराला ‘तुला लग्न करायचंय का’ असं विचारत नाहीत, ‘पोरगी बघायला कधी जायचं’ असं विचारतात. असे कितीतरी पुरुष स्वतःला समलिंगी म्हणत नाहीत. काही जणांचा ओढा स्त्री आणि पुरुष दोघांकडंही असतो, त्यांना उभयलैंगिक म्हणतात, पण तो शब्दही त्यांनी ऐकलेला नसतो. ज्याच्यासाठी शब्दच नाही ते सांगणार कसं?

त्यात आता मोबाइल आलाय. पूर्वी भेटण्याच्या जागा ठरलेल्या असायच्या, त्या जागांवर संस्थेचा कार्यकर्ता जाऊन कंडोम देऊ शकायचा, चाचणीचं सांगू शकायचा. आता अ‍ॅपवर ओळख होते, गाडीला किक मारून माणूस वीस किलोमीटरवर जाऊन भेटून येतो. कुठल्या कार्यकर्त्याला तो सापडणार?

आणि समजा तो चाचणीला गेलाच. समुपदेशक विचारतात, ‘लग्न झालंय? इतर बायकांशी संबंध?’ तो मान हलवतो. नोंद होते स्त्री-पुरुष संबंधातून. सरकारी अहवालांत वर्षानुवर्षं बहुतेक सगळी लागण याच रकान्यात दिसत आली, पुरुष-पुरुष संबंधाच्या रकान्यात एक-दोन टक्के. या एक-दोन टक्क्यांत किती जण खरं बोललेत आणि दुसऱ्या रकान्यात किती जण घाबरून गेलेत, हे कुणालाच सांगता येणार नाही. मग वरून बघणारा म्हणतो, ग्रामीण भागात हा प्रश्न फार नाही. आपण सगळे मिळून तो प्रश्न कागदावरून पुसतो आणि मग म्हणतो, कागदावर तर नाही.

घाबरणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. घाबरायला कारण आहे, इतिहास आहे.

गोव्यातल्या डॉमिनिक डिसूझाचं प्रकरण कदाचित काही जणांना आठवत असेल. ‘माय ब्रदर निखिल’ हा २००५ चा सिनेमा त्याच्यावरून निघाला. डॉमिनिक नियमित रक्तदान करायचा. त्याचं रक्त तपासलं तेव्हा एचआयव्ही सापडला. आधी त्याला कुणी सांगितलं नाही, थेट पोलीस घरी आले. साल १९८९, महिना फेब्रुवारी. त्या वेळच्या गोव्याच्या कायद्यात एचआयव्ही असलेल्या माणसाला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. त्याला क्षयरोग्यांच्या जुन्या रिकाम्या इमारतीत ६४ दिवस ठेवलं. आईनं, लुसी डिसूझांनी, उच्च न्यायालयात धाव घेतली. तो बाहेर आला, पण ती तरतूद चुकीची आहे असं न्यायालयानं काही म्हटलं नाही. डॉमिनिक खचला नाही, एचआयव्ही असलेल्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये गेला. तो समलिंगी होता, असं त्याच्याबद्दल लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. त्या काळात हे ज्यांनी ज्यांनी पेपरात वाचलं त्यांनी एकच धडा घेतला असणार, रक्त तपासायचं नाही.

तसंच ३७७ कलमाचं. पुरुष-पुरुष संबंध हा गुन्हा होता. २००१ मध्ये नाझ फाउंडेशन या संस्थेनं त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला, त्याचं मूळ कारणच एचआयव्ही होतं. म्हणणं सरळ होतं. ज्या गोष्टीसाठी जेल होऊ शकते ती माणूस डॉक्टरला कशी सांगेल? गंमत बघा, त्या खटल्यात गृह खातं म्हणत होतं कलम पाहिजे, आणि त्याच सरकारची नॅको म्हणत होती की या कलमामुळं आमचं काम अडतं. २००९ मध्ये उच्च न्यायालयानं कलम सैल केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आवळलं, आणि शेवटी ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्याच पाच न्यायमूर्तींनी सज्ञान लोकांच्या राजीखुशीच्या संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं.

त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबर २०१८ ला, एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. तुमची माहिती गुप्त ठेवावी लागते. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यात एचआयव्हीच्या कारणावरून दुजाभाव करता येत नाही.

म्हणजे दिल्लीनं दोन्ही दारं उघडलीत. गल्लीतलं दार अजून बंद आहे. कारण आपल्याकडं पोलिसाची भीती कधीच एवढी नव्हती. भीती आहे ती रक्त काढणारा आपल्या भावकीतला निघेल याची. नोंदवहीत नाव लिहिणारी बाई आपल्या बहिणीच्या गल्लीत राहते, याची. दवाखान्याच्या बाकावर बसलेलं बघून कुणीतरी ‘काय रे, इकडं कुठं?’ विचारेल, याची. तालुक्याच्या गावात ‘गुप्त’ या शब्दाचा अर्थ ‘संध्याकाळपर्यंत’ एवढाच असतो. हे मी हसण्यावारी म्हणत नाही. माझ्या मित्राची बातमी त्याचा मृतदेह घरी यायच्या आधी गावात पोचली होती. कुणी पोचवली, ते विचारून आता उपयोग नाही.

आता बायकोबद्दल. हे सगळ्यांनी नीट वाचा, विशेषतः ज्यांना वाटतं की हा ‘त्या लोकांचा’ प्रश्न आहे.

आपल्याकडं एचआयव्हीची चाचणी नेमानं कुणाची होते? गरोदर बाईची. आरोग्य केंद्रात नाव घातलं की इतर रक्ताबरोबर तीही होते, आणि ती झालीच पाहिजे, त्यामुळं हजारो लेकरं वाचलीत. पण पुरुषाची अशी कुठलीच वेळ येत नाही. तो गरोदर राहत नाही. मग कितीतरी घरांत पहिल्यांदा कळतं ते बाईच्या रिपोर्टमुळं. आणि आधी कळलं म्हणून आळही तिच्यावरच येतो. ‘तूच घेऊन आलीस.’ तिनं कुणाचं तोंडही बघितलेलं नसतं.

माझ्या मित्राच्या बायकोचं असंच झालं. तो गेल्यावर तिची चाचणी झाली, तिलाही लागण निघाली. पोरगी निरोगी आहे, देवाची कृपा. सासरच्यांनी दिवस झाल्यावर महिनाभरात तिला माहेरी धाडलं. मित्रानं जे मला सांगितलं ते मी तिला सांगावं की नाही, यावर मी बरेच महिने झोपलो नाही. शेवटी तिनंच विचारलं. तिला अंदाज होता. बायकांना असतो. ती रडली नाही. म्हणाली, ‘भाऊजी, जिवंतपणी सांगितलं असतं तर मी भांडले असते हो. पण भांडायला माणूस तरी राहिला असता.’

आज ती रोज रात्री एक गोळी घेते. दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाते, पोरीला शिकवते. तिच्याकडं बघून कुणी म्हणणार नाही की तिला काही आजार आहे. हीच गोळी तिच्या नवऱ्याला दोन वर्षं आधी मिळाली असती तर आज तोही असता. मला राग येतो तो इथंच. औषध नव्हतं म्हणून माणूस गेला असता तर नशीब म्हटलं असतं. २००४ पासून सरकार हे औषध फुकट देतंय. २०१७ पासून तर नियम आहे की निदान झालं की लगेच उपचार सुरू, शरीर खालावण्याची वाट बघायची नाही. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एआरटी केंद्र आहे. गोळी होती, डॉक्टर होते, नांदेडची गाडीही होती. नव्हती ती एक चाचणी.

उपचार नीट घेणाऱ्या माणसाच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसा तो सतत दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे आता जगभर सिद्ध झालंय. म्हणजे ज्याला माहीत आहे आणि जो गोळी घेतो त्याच्यापासून कुणाला धोका नाही. धोका त्याच्यापासून आहे ज्याला माहीतच नाही. आणि आपण नेमकं उलटं करतो. ज्याला माहीत आहे त्याला वाळीत टाकतो, आणि ते बघून बाकीचे माहीत करून घ्यायलाच जात नाहीत.

लातूर जिल्ह्यातलं हासेगाव आठवतं? औसा तालुक्यात रवी बापटले यांनी एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी ‘सेवालय’ उभं केलं. सुरुवातीला लोकांनी विरोध केला, गावच्या शाळेत या मुलांबरोबर आपली मुलं बसवायला नकार दिला. आज त्याच सेवालयाला लोक वाढदिवसाचं जेवण देतात, फोटो काढतात. चांगलंच आहे. माणसं बदलतात हे त्यावरून कळतं. पण त्या लेकरांबद्दल आपण म्हणतो, ‘बिचाऱ्यांचा काय दोष?’ या वाक्यात एक वाकडी गोष्ट लपलेली आहे. लेकरांचा दोष नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी आहे. ज्याचा दोष त्याला औषध नको, दया नको, विचारपूस नको. असा हिशेब आपण मनात करून टाकलेला असतो. आजाराला दोष कळत नाही हो. साखरेच्या पेशंटला आपण ‘गोड खाल्लंस ना, मग भोग’ म्हणून घराबाहेर काढत नाही.

मी काही क्रांती करा म्हणत नाही. उद्या सकाळी सगळ्यांनी चौकात येऊन खरं सांगावं, असंही नाही. ज्याचं त्याचं खासगी ज्याच्या त्याच्याजवळ राहू द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की चाचणीला कारण लागू नये. साखर तपासतो, बीपी तपासतो, तसं हेही. ‘का करतोस?’ हा प्रश्नच नको. कारण सांगावं लागलं की माणूस मागं फिरतो.

ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. नाव सांगू नका, फक्त वाचा.

१. चाचणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात त्यासाठी वेगळं केंद्र असतं, आयसीटीसी म्हणतात त्याला. किनवटला ओळखीचे लोक भेटतील अशी भीती वाटत असेल तर नांदेडला करा, यवतमाळला करा, हैदराबादला कामाला असाल तर तिथं करा. आपल्याच तालुक्यात केली पाहिजे असं काही नाही.

२. लागण झाल्यावर लगेच चाचणीत दिसतेच असं नाही. शंकेची घटना होऊन तीन महिने झाल्यावर केलेली चाचणी पक्की धरतात. आधी निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करा. संबंध चालू असतील तर अधूनमधून करत राहा.

३. त्रास होत नाही म्हणजे आजार नाही, असं समजू नका. आठ-दहा वर्षं काहीच न होता विषाणू शरीरात राहू शकतो. तोवर माणूस धडधाकट दिसतो.

४. कंडोम वापरा. खोबरेल तेल, व्हॅसलीन, क्रीम लावू नका, त्यानं कंडोम फाटतो. पाण्याचा आधार असलेलं जेल मेडिकलमध्ये मिळतं.

५. काल-परवा काही धोक्याचं घडलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. २८ दिवसांचं औषध असतं, जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. लाजत चार दिवस घालवले तर त्याचा उपयोग नाही.

६. रक्तदान शिबिरात रक्त देऊन ‘आपोआप कळेल’ असं करू नका. लागण अगदी ताजी असेल तर ती तिथंही निसटू शकते आणि तुमचं रक्त दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं. चाचणीसाठी चाचणी केंद्रच.

७. १०९७ हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे. आधी तिथं बोला. पलीकडच्याला तुमचं गाव माहीत नाही.

आणि बाकीच्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी.

डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती. महिनोन्‌महिने ताप आहे, वजन घटतंय, क्षय निघालाय, अंगावर नागीण आलीय, तर समोरचा कितीही सज्जन दिसो, संमती घेऊन एचआयव्ही तपासून घ्या. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची ही चाचणी व्हावी, असा सरकारचाच नियम आहे. आणि विचारताना ‘बाहेर बायकांकडं जाता का’ एवढंच विचारू नका. बायकोला बाहेर बसवा, दार लावा, आणि ‘पुरुषांशी संबंध आलाय का’ हेही त्याच आवाजात विचारा ज्या आवाजात ‘तंबाखू खाता का’ विचारता. तो कदाचित पहिल्यांदा नाही म्हणेल. पण इथं विचारतात हे त्याला कळेल. दुसऱ्यांदा आला तर सांगेल.

दवाखान्यात, लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्या भावा-बहिणींनो, तुमच्या तोंडावर कुणाचा तरी जीव आहे. अक्षरशः. एक रिपोर्ट फुटला की त्या गावातले दहा जण पुढची पाच वर्षं चाचणीला येत नाहीत.

१ डिसेंबरची फेरी काढणाऱ्या गुरुजींनो, या वर्षी एक वाक्य वाढवा. ‘एचआयव्ही पुरुषाकडून पुरुषालाही होऊ शकतो.’ बस, एवढंच. कुणाची संस्कृती बुडत नाही त्यानं. त्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या पोराला ते वाक्य वीस वर्षांनी वाचवेल.

आणि आपण सगळे. पारावर, पानटपरीवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर छक्क्याचे जोक टाकतो तेव्हा ऐकणाऱ्यांत कोण बसलाय हे आपल्याला माहीत नसतं. माझा मित्र माझ्या शेजारी बसून माझ्या जोकवर हसायचा. मी ते जोक केले नसते तर त्यानं मला वीस वर्षं आधी सांगितलं असतं का, माहीत नाही. निदान त्याला वाटलं तरी असतं की याला सांगता येईल.

या पोस्टवर शिव्या येतील, येऊ द्या. ‘तूपण तसलाच का?’ असंही कुणीतरी विचारेल. विचारा. त्याच्या आधी एक काम करा. पुढच्या वेळी साखर तपासायला जाल तेव्हा त्याच सुईत एचआयव्हीचीही करून घ्या. मी केली. रिपोर्ट काय आला ते सांगणार नाही. विचारायचंही नाही. तेवढं जमलं तरी या पोस्टचं काम झालं.